नव्वद दिवसांचा हिशेब: बाल्डविन काउंटी वेलकम सेंटर विरुद्ध ब्राउन

१७ मार्च १९८१ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील संघीय जिल्हा न्यायालयात टपालाने एक पाकीट आलं. पाठवणाऱ्या बाईंचं आडनाव ब्राउन. पाकिटात त्यांना नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या सरकारी आयोगाकडून आलेलं एक पत्र होतं आणि सोबत विनंती होती की न्यायालयाने आपल्याला वकील नेमून द्यावा. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की दावा लावायचा असेल तर हे पत्र मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत लावा. पाकीट न्यायालयात पोचलं तो ४६वा दिवस होता. ४४ दिवस अजून हातात होते.

पुढची तीन वर्षं हे प्रकरण तीन न्यायालयांत फिरलं आणि एप्रिल १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायमचं बंद केलं. ब्राउन यांच्यावर नोकरीत अन्याय झाला होता की नव्हता, याचा निर्णय या काळात एकाही न्यायाधीशाने दिला नाही. तिथवर गाडी पोचलीच नाही. वाद झाला तो एवढ्यावरच, की त्या पाकिटातला कागद म्हणजे दावा होता का, आणि नसेल तर ९० दिवसांचं घड्याळ मध्ये कुठे थांबायला हवं होतं का.

वकिलाशिवाय नागरी हक्काचा दावा लावणारा माणूस अमेरिकेत आजही मुदत चुकला की समोरचा वकील हाच निकाल पुढे करतो. तिथे नोकरी करणाऱ्या मराठी माणसांनाही ब्राउन यांच्या खटल्यामागचा भेदभावविरोधी कायदा लागू आहे, कारण वंश, रंग, धर्म आणि लिंग यांच्यासोबत मूळ देशावरून होणारा भेदभावही त्यात येतो. हा निकाल मी कॅलेंडर शेजारी ठेवून वाचला. निकालपत्रात तारखा सगळ्या आहेत, पण त्या एका रांगेत मांडून दिवस मोजले की जे दिसतं ते नुसत्या वाचनात दिसत नाही.

आधी कायदा, थोडक्यात

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण नोकरीतल्या भेदभावाबद्दल आहे. या प्रकरणाखाली थेट न्यायालयात जाता येत नाही. आधी समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करावी लागते, तीही घटनेपासून १८० दिवसांत. ज्या राज्यांची स्वतःची अशी यंत्रणा आहे तिथे ३०० दिवसांपर्यंत. आयोगाने काम संपवलं, किंवा ठराविक काळानंतर तक्रारदाराने मागणी केली, की आयोग एक पत्र देतो. त्याला तिकडे 'राइट टू सू लेटर' म्हणतात. आपण त्याला दावा-हक्काचं पत्र म्हणू. ते हातात पडलं की ९० दिवस सुरू.

ही मुदत मुळात ३० दिवसांची होती. १९७२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती वाढवून ९० केली. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती ब्राउन यांच्या खटल्याच्या मुळाशी आहे: न्यायालयाला योग्य वाटेल त्या परिस्थितीत ते तक्रारदाराला वकील नेमून देऊ शकतं. म्हणजे हातात वकील नसलेली माणसं इथे येणार, हे कायदा करणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं. स्वतःचा खटला स्वतः चालवायचा हक्क तर अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १७८९ पासून आहे.

दावा सुरू कधी होतो? दिवाणी प्रक्रियेचा नियम ३ सांगतो, वादपत्र दाखल झालं की. वादपत्रात काय हवं? नियम ८ सांगतो, आपल्याला दाद मिळायला हवी हे दाखवणारं 'थोडक्यात आणि साधं' निवेदन. हा नियम मुद्दामच सैल ठेवलेला आहे. १९५७ च्या कॉनली विरुद्ध गिब्सन या, टेक्ससमधल्या कृष्णवर्णीय रेल्वे कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की प्रतिवादीला दावा कशाबद्दल आहे याची नीट कल्पना आली म्हणजे झालं. एका पानात बसेल एवढंच काम.

दिवस मोजू या

६ नोव्हेंबर १९७९ रोजी ब्राउन यांनी आपल्या आधीच्या मालकाविरुद्ध, म्हणजे बाल्डविन काउंटी वेलकम सेंटरविरुद्ध, आयोगाकडे तक्रार केली. २७ जानेवारी १९८१ रोजी आयोगाने दावा-हक्काचं पत्र काढलं. टपालाला तीन दिवस लागतात असं कायदा गृहीत धरतो, म्हणून पत्र ३० जानेवारीला मिळालं असं मानलं गेलं. तिथून ९०वा दिवस येतो ३० एप्रिलला.

१७ मार्च, ४६वा दिवस: पत्र आणि वकिलाची विनंती न्यायालयात पोचली.

१५ एप्रिल, ७५वा दिवस: न्यायालयाचा पहिला आदेश निघाला. तो मॅजिस्ट्रेटचा होता. (आपल्याकडच्या फौजदारी मॅजिस्ट्रेटशी गल्लत नको. तिथल्या संघीय न्यायालयात जिल्हा न्यायाधीशाच्या हाताखाली दिवाणी कामाचा बराच भाग हे अधिकारी पाहतात.) आदेशात म्हटलं होतं की वकील हवा असेल तर न्यायालयाच्या ठरलेल्या नमुन्यात अर्ज करा आणि सोबतची प्रश्नावली भरून द्या. वादपत्र ९० दिवसांत यायला हवं, याची आठवणही त्यात करून दिली होती.

६ मे, ९६वा दिवस: भरलेली प्रश्नावली न्यायालयात आली.

७ मे: मॅजिस्ट्रेटने वकिलाचा अर्ज फेटाळला. कारण दिलं, न्यायालयाच्या आदेशाचं वेळेत पालन झालं नाही. मात्र दावा-हक्काचं पत्र दाखल करणं म्हणजेच दावा सुरू होणं धरायचं का, हा प्रश्न त्याने स्वतः सोडवला नाही. तो जिल्हा न्यायाधीशाकडे पाठवला.

९ जून, १३०वा दिवस: 'दुरुस्त वादपत्र' दाखल झालं. १८ जूनला ते प्रतिवादीला बजावलं गेलं.

२४ डिसेंबर १९८१: जिल्हा न्यायालयाने निर्णय दिला. पत्रात भेदभावाच्या घटनेचं काहीच वर्णन नाही, म्हणून ते वादपत्र नाही. ९० दिवसांत वादपत्र आलं नाही, म्हणून या कायद्याखालचा हक्क गेला.

या यादीत दोन अंतरं आहेत. १७ मार्च ते १५ एप्रिल, २९ दिवस: एका बाईने वकील मागितला आणि न्यायालयाने उत्तर दिलं की वकील मागायचा असेल तर हा फॉर्म भरा. त्या फॉर्मपर्यंत पोचायलाच तिच्या उरलेल्या ४४ दिवसांपैकी २९ खर्ची पडले. दुसरं अंतर ७ मे ते २४ डिसेंबर, २३१ दिवस: प्रश्न न्यायाधीशाकडे गेला तिथपासून उत्तर येईपर्यंत. ब्राउन यांचा हक्क बुडाला तो ४० दिवसांच्या उशिरामुळे. न्यायालयाच्या २३१ दिवसांनी कोणाचंच काही बुडालं नाही, कारण त्या बाजूला मुदत घालणारा नियमच नव्हता.

न्यायाधीश आळशी होते असं मी म्हणत नाही. संघीय न्यायालयांवर कामाचा बोजा असतो आणि एका मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर शेकडो कागद पडलेले असतात. पण मुदतीचा कायदा एकाच बाजूचे दिवस मोजतो, आणि वकील नसलेल्या माणसाला ही गोष्ट पोळते तशी दुसऱ्या कोणाला पोळत नाही. वकिलाला माहीत असतं की न्यायालयाच्या उत्तराची वाट बघायची नाही. तो वादपत्र टाकून मोकळा होतो आणि बाकीचं मागाहून बघतो. सामान्य माणूस मात्र न्यायालयाला प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत थांबतो. कचेरीत अर्ज दिल्यावर आपण सगळे हेच करतो.

१५ एप्रिलचा आदेश त्या जागी बसून वाचा. त्यात दोन गोष्टी आहेत: ही प्रश्नावली भरा, आणि ९० दिवसांत वादपत्र द्या. पहिली गोष्ट सोबत जोडून आली आहे, छापील, भरायच्या जागांसकट. दुसरी नुसती वाक्यात आहे. वादपत्र लिहिण्यासाठीच तर वकील मागितला होता. मग आधी वकिलाचं काम पुरं करावं असं कोणाला वाटलं, तर त्यात मला बेफिकिरी दिसत नाही. मात्र प्रश्नावली परत यायलाही २१ दिवस लागले, आणि ९० दिवस उलटल्यावर आणखी ४० दिवस गेले, हे कोणाला नाकारता येणार नाही.

आणखी एक तारीख इथे नोंदवायला हवी. १ जून १९८१ रोजी, म्हणजे ब्राउन यांचं वादपत्र दाखल होण्याच्या आठच दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयाने लॅसिटर खटल्याचा निकाल दिला. आईचा तिच्या मुलावरचा हक्क कायमचा काढून घेण्याच्या दिवाणी कारवाईतसुद्धा सरकारखर्चाने वकील मिळण्याचा सरसकट हक्क नाही, असा तो निकाल. फौजदारी खटल्यात गरिबाला वकील देणं १९६३ पासून बंधनकारक होतं. दिवाणी बाजूला ते दार त्या आठवड्यात आणखी घट्ट झालं. ब्राउन यांच्या खटल्याला हा निकाल थेट लागू नव्हता. पण त्या काळात दिवाणी न्यायालयाच्या दारात वकिलाशिवाय उभ्या असलेल्या माणसाची स्थिती काय होती, ते यावरून कळतं.

वर जिंकल्या, आणखी वर हरल्या

अकराव्या सर्किटच्या, म्हणजे अलाबामा ज्या संघीय विभागात येतं त्याच्या, अपील न्यायालयाने १९८३ मध्ये जिल्हा न्यायालयाचा निर्णय फिरवला. हे न्यायालय अटलांटात बसतं. या कायद्याचा हेतू अन्याय दूर करण्याचा आहे, त्याची सुरुवात सामान्य माणसं करतात, तेव्हा दावा-हक्काचं पत्र मुदतीत दाखल झालं की दावा सुरू झाला, निदान मुदतीचं घड्याळ थांबलं, असं त्यांचं म्हणणं.

सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय उलटवला, तोही तोंडी युक्तिवाद न ऐकता. निकाल कोणा एका न्यायमूर्तीच्या नावाने नाही, न्यायालयाच्या नावाने आहे. सहा विरुद्ध तीन. स्टीव्हन्स, ब्रेनन आणि मार्शल हे तिघे असहमत.

बहुमताचा पहिला मुद्दा सरळ आहे आणि मला तो पटतो. नियम ३ आणि ८ सगळ्या दिवाणी दाव्यांना लागू आहेत. सातव्या प्रकरणाच्या दाव्यांना त्यातून सूट द्यावी असं कायद्यात कुठेही नाही. आयोगाचं पत्र ब्राउन यांनी लिहिलेलं नव्हतं. त्यात कोणी, कधी, काय केलं याचा शब्द नव्हता. मालकाच्या हातात ते पत्र ठेवलं असतं तर आपल्यावर नेमका कशाचा आरोप आहे हे त्याला कळलं नसतं. जूनमधलं वादपत्र 'दुरुस्त' म्हणून मार्चच्या तारखेला नेऊन बसवायचं, तर मार्चमध्ये दुरुस्त करण्याजोगं काही मुळात असायला हवं. ते नव्हतं.

दुसरा मुद्दा घड्याळ थांबवण्याचा. ही मुदत दगडावरची रेघ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच ठरवलेलं होतं: १९८२ च्या झाइप्स खटल्यात, आयोगाकडे तक्रार करण्याच्या मुदतीबद्दल, त्यांनी म्हटलं होतं की न्यायाच्या दृष्टीने योग्य असेल तिथे ती थांबवता येते. मग कधी थांबवायची? ब्राउन निकालात बहुमताने चार प्रसंग सांगितले. तक्रारदाराला मुदतीची नीट सूचनाच मिळाली नसेल तेव्हा. वकील नेमण्याचा अर्ज न्यायालयापुढे पडून असेल तेव्हा. जे करायचं ते सगळं तुम्ही केलं आहे, असा समज न्यायालयानेच करून दिला असेल तेव्हा. किंवा प्रतिवादीने लबाडीने गाफील ठेवलं असेल तेव्हा. यातलं काहीच इथे नाही, असं बहुमताने म्हटलं.

आणि मग ते वाक्य येतं, ज्यासाठी हा निकाल आजवर उद्धृत होत आला आहे: साधी गोष्ट एवढीच की हक्क राखण्यासाठी काय करायला हवं हे ब्राउन यांना तीनदा सांगितलं गेलं, आणि त्यांनी ते केलं नाही. तीनदा म्हणजे एकदा आयोगाच्या पत्रात, एकदा जिल्हा न्यायालयाच्या सूचनेत (पत्राच्या तारखेपासून नव्वदाव्या दिवशी किंवा त्याआधी अर्ज देणं सुरक्षित, अशा अर्थाची), आणि एकदा १५ एप्रिलच्या आदेशात. मालकाचं या उशिराने काही नुकसान झालं नाही, या मुद्द्यावर न्यायालय म्हणालं की घड्याळ थांबवण्याचं दुसरं कारण सापडलं तर नुकसान न होणं विचारात घेता येईल. नुसतं तेवढं कारण पुरत नाही. एखाद्या पक्षकाराबद्दलच्या 'अस्पष्ट सहानुभूती'पोटी न्यायालयांनी प्रक्रियेच्या अटी बाजूला सारू नयेत, असंही त्यांनी बजावलं.

माझा आक्षेप दुसऱ्या प्रसंगावर आहे

चार प्रसंगांतला दुसरा परत वाचा: वकील नेमण्याचा अर्ज न्यायालयापुढे पडून असेल तेव्हा. ब्राउन यांची वकिलाची विनंती १७ मार्चला न्यायालयात पोचली आणि तिचा निकाल लागला ७ मे रोजी. मधले ५१ दिवस ती न्यायालयापुढेच होती. आता न्यायालयाने सांगितलेलाच नियम तिला लावून बघू. १७ मार्चला, ४६व्या दिवशी, घड्याळ थांबवा. ७ मेला अर्ज फेटाळला गेला की पुन्हा सुरू करा. ७ मे ते ९ जून ३३ दिवस होतात. ४६ आणि ३३ मिळून ७९.

म्हणजे या मोजणीने वादपत्र ७९व्या दिवशी दाखल झालं, मुदत संपायला ११ दिवस असताना.

बहुमत असं मोजत नाही, कारण त्यांच्या लेखी मार्चमधली विनंती हा 'अर्ज' नसावा. ठरलेल्या नमुन्यातला अर्ज आला ६ मे रोजी, तेव्हा मुदत संपून गेलेली होती, आणि संपलेलं घड्याळ थांबवता येत नाही. कायदेशीर भाषेत याला उत्तर देता येईल, नाही असं नाही. पण मग दोन्ही बाजूंना एकच गोष्ट लावली गेली, हे बघायला हवं. पत्र योग्य नमुन्यात नाही म्हणून ते वादपत्र नाही. विनंतीही योग्य नमुन्यात नाही म्हणून ती अर्ज नाही. पहिल्या बाबतीत नमुन्यामागे खरं कारण आहे: समोरच्याला आरोप कळायला हवा. दुसऱ्या बाबतीत ते कारण उरत नाही. मला वकील द्या, हे वाक्य साध्या कागदावर लिहिलं काय आणि छापील फॉर्मवर लिहिलं काय, न्यायालयाला त्याचा अर्थ सारखाच कळतो. तो कळला म्हणूनच तर मॅजिस्ट्रेटने उत्तरादाखल फॉर्म धाडला.

नुसते फॉर्मची वाट पाहण्यात गेलेले २९ दिवस वगळले तरी मुदत २९ मेपर्यंत जाते, आणि ९ जूनला ११ दिवस उशीर उरतोच. म्हणून सगळा भार त्या एका प्रश्नावर येतो: विनंती अर्ज होती की नाही. निकालपत्रात या प्रश्नाशी कोणी थांबून झुंजलेलं मला दिसत नाही. 'तीनदा सांगितलं' हे वाक्य इतकं ठाशीव आहे की त्याच्या सावलीत हा प्रश्न झाकला गेला. तिसऱ्यांदा सांगितलं गेलं ते ७५व्या दिवशी, हेही त्यात बुडालं.

स्टीव्हन्स यांचे दोन निकाल

असहमतीचं मत न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलं. सामान्य माणसं वकिलाशिवाय सुरू करतात अशा कायद्यात अपील न्यायालयाने घेतलेली उदार भूमिका अशी पूर्ण सुनावणीविना उलटवू नये, हा त्यांचा रोख. १९७२ च्या लव्ह विरुद्ध पुलमन खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं होतं की प्रशिक्षित वकिलांच्या मदतीविना सामान्य माणसं जी प्रक्रिया सुरू करतात तिच्यात असे तांत्रिक अडथळे शोभत नाहीत.

पण बहुमताने कडकपणाच्या बाजूने जे वचन आधाराला घेतलं, तेही स्टीव्हन्स यांचंच होतं. १९८० च्या मोहास्को खटल्यात त्यांनी लिहिलं होतं की कायदेमंडळाने ठरवलेल्या प्रक्रियेचं काटेकोर पालन हीच, दीर्घकाळच्या अनुभवाने बघता, सगळ्यांना समान न्याय मिळण्याची उत्तम हमी आहे. चार वर्षांनी ते वाक्य त्यांच्याच विरोधात वापरलं गेलं. आणि १९९३ मध्ये मॅकनील खटल्यात स्टीव्हन्स यांनी ते पुन्हा स्वतः वापरलं, एकमताच्या निकालात. तिथे तुरुंगातल्या एका माणसाने वकिलाशिवाय सरकारविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावला होता. त्याची चूक उलटी होती: तो उशिरा आला नव्हता, चार महिने लवकर आला होता. आधी सरकारी खात्याकडे मागणी करायची अट होती, ती त्याने दावा लावल्यावर पुरी केली. दावा फेटाळला गेला. साध्या दिवाणी खटल्यांतले प्रक्रियेचे नियम वकील नसलेल्यांच्या चुका माफ होतील अशा रीतीने वाचावेत असं आम्ही कधी सुचवलेलं नाही, असं स्टीव्हन्स यांनी त्यात लिहिलं.

मला यात दुटप्पीपणा वाटत नाही. मॅकनीलमध्ये दावा लावताना अट पुरी झालीच नव्हती आणि न्यायालयाने त्याचे दिवस खाल्ले नव्हते. ब्राउन यांच्या बाबतीत दिवस न्यायालयाच्या टेबलावर गेले. हा फरक महत्त्वाचा आहे, हे याच न्यायालयाने १९८८ मध्ये ह्यूस्टन विरुद्ध लॅक खटल्यात मान्य केलं, पाच विरुद्ध चार मतांनी. वकील नसलेल्या एका कैद्याने अपिलाची नोटीस मुदत संपायच्या तीन दिवस आधी तुरुंग अधिकाऱ्यांच्या हाती दिली. न्यायालयाच्या कार्यालयात तिच्यावर शिक्का पडला तो मुदतीनंतर एक दिवसाने. बहुमताचा निकाल ब्रेनन यांनी लिहिला, ब्राउन प्रकरणातल्या तीन असहमतांपैकी एक. कैद्याच्या हातून कागद सुटला तीच दाखल झाल्याची तारीख, कारण त्यानंतरचे दिवस त्याच्या ताब्यात नसतात. वकील असलेला माणूस कार्यालयात जाऊन शिक्का मारून घेऊ शकतो, कैदी नाही. ब्राउन कैदेत नव्हत्या, हे खरं. पण जे दिवस माणसाच्या ताब्यात नाहीत ते त्याच्या खात्यात लिहू नयेत, हा विचार चार वर्षं आधी आला असता तर त्या २९ दिवसांकडे कोणीतरी पाहिलं असतं.

आपल्याकडे यावर लगेच आठवतो तो विलंब माफीचा अर्ज. पण तो इथे कामाला आला नसता. १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, मूळ दाव्याला नाही. दावा मुदतबाह्य झाला की आपलं दिवाणी न्यायालयही कलम ५ खाली तो वाचवू शकत नाही. त्यामुळे अमेरिकेतलं न्यायालय जास्त निर्दय आणि आपलं दयाळू, असा निष्कर्ष काढायची घाई नको.

दोन कागद

या प्रकरणातून वकिलाशिवाय लढणाऱ्याने उचलायची गोष्ट माझ्या मते मुदत पाळा ही नाही. ती तर पत्रावरच छापलेली असते. वकील मागणं आणि दावा लावणं हे दोन वेगळे कागद आहेत, ही ती गोष्ट. पहिल्याच्या उत्तराची वाट बघत दुसरा अडवून ठेवायचा नसतो. एका पानाचं वादपत्र, मोडक्या भाषेतलं का असेना, त्यात कोणी, कधी, काय केलं आणि ते भेदभावाचं का वाटतं एवढं असलं की घड्याळ थांबतं. ते पुढे दुरुस्त करता येतं, आणि त्याच घटनांबद्दलची दुरुस्ती मूळ तारखेपासून धरली जाते. वकील नसलेल्यांचं वादपत्र वकिलाने लिहिलेल्यापेक्षा सैल मापाने मोजायचं, हे १९७२ च्या हेन्स विरुद्ध कर्नर खटल्यापासून ठरलेलं आहे. ती सवलत मजकुराला मिळते, तारखेला मिळत नाही. पत्र टपालाने आलं असेल तर पाकिटावरचा शिक्काही जपून ठेवावा. पत्र नेमकं कधी हाती पडलं यावर वाद झाला तर तेवढाच पुरावा असतो.

आज अमेरिकेच्या संघीय न्यायालयांनी वकील नसलेल्यांसाठी वादपत्राचे छापील नमुने केले आहेत. नोकरीतल्या भेदभावासाठीच्या नमुन्याचं नाव 'प्रो से ७' ('प्रो से' म्हणजे स्वतःच स्वतःच्या वतीने). त्यात भेदभाव कशावरून झाला यासाठी चौकोन आहेत, काय घडलं ते लिहायला मोकळी जागा आहे, आणि दावा-हक्काचं पत्र कोणत्या तारखेला मिळालं ते भरायची ओळ आहे. त्या ओळीखाली सूचना आहे की पत्राची प्रत सोबत जोडा. ब्राउन यांनी १९८१ च्या मार्चमध्ये पाठवली होती ती ही जोडायची प्रत.